ग्रेपव्हाइनचा ठराव

टेक्सासमधील ग्रेपव्हाइन येथे २३ मे २०१३ रोजी, अमेरिकेच्या बालवीर संघटनेचा कारभार निर्वेतन सांभाळणारे सुमारे १,४०० स्वयंसेवक प्रतिनिधी, समलिंगी मुलांना पथकात असलेला मज्जाव कायम राखावा की उठवावा याचा फैसला करण्यासाठी एकत्र आले, आणि शेकडा ६० हून अधिक मतांनी त्यांनी तो उठवला.

या निर्णयामागे कायद्याची सक्ती नव्हती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण सभासद निवडण्याचा संघटनेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००० साली पाच विरुद्ध चार मतांनी मान्यच केला होता. काही देणगीदारांनी हात आखडता घेतला होता हे खरे; परंतु बहुसंख्य पथके ज्यांच्या आश्रयाने चालत, त्या धर्मसंस्थांचा कौल दुर्लक्षिणेही शक्य नव्हते. या ओढाताणीतून निघालेली तडजोड मात्र, माझ्या मते, अन्यायकारक होती : मुलांना प्रवेश मिळाला, पण प्रौढ नायकांवरील बंदी तशीच राहिली, म्हणजे पथकात वाढलेल्या, पदके मिळवलेल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण होताच त्याच पथकाचे नायकत्व नाकारले जाई.

माजी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स संघटनेचे अध्यक्ष असताना, जुलै २०१५ मध्ये, कार्यकारी मंडळाने तीही बंदी रद्द केली. धर्मसंस्थांना मात्र आपल्या श्रद्धेनुसार नायक निवडण्याची मुभा ठेवली. मुलींसाठी पथकांचे दार २०१९ साली उघडले.