फायरमनच्या पाठीवर काय असतं?

लावता पैज? फायरमनच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये काय असतं, असं वर्गात विचारून बघा. ‘ऑक्सिजन!’ असंच बहुतेक जण ओरडतील. पण त्यात असते साधी हवा, तुम्ही-आम्ही आत्ता घेतोय तीच. फक्त ती गाडीच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपटीहून जास्त दाबाने कोंबलेली असते. हवा संपत आली की शिट्टी वाजते, म्हणजे आता बाहेर पळा!

पण काहून बाप्पा, शुद्ध ऑक्सिजन का नाही? कारण ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जळायला भलतीच मदत करतो. आगीत असला मदतनीस कोण नेईल?

शुद्ध ऑक्सिजन असतो रुग्णवाहिकेत. समजा, इतवारीतल्या एखाद्या अरुंद गल्लीत आग लागली. 101 वर फोन गेला की नागपूर महानगरपालिकेचे बंब निघतात. 108 ची रुग्णवाहिका मात्र राज्य सरकारची. ही सेवा 2014 साली सुरू झाली आणि तिचं नियंत्रण केंद्र पुण्यात! मालक दोन, गाड्या दोन, आग एकच. मग कामं वाटून घ्यावी लागतात. धुरात शिरायचं ते फक्त अग्निशमन जवानांनी. रुग्णवाहिका थांबते लांब, धूर येणार नाही अशा बाजूला आणि बंबांची वाट न अडवता. जवान माणसाला उचलून बाहेर आणतात आणि डॉक्टरांच्या हवाली करतात.

आता खरी गंमत. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. ना रंग, ना वास. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजनची ‘आपली बस’, नागपूरच्या शहर बससारखी, समजा. हा वायू तिच्यात चढून सीट पकडतो आणि उठतच नाही! त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून घट्ट असते. बिचारा ऑक्सिजन स्टॉपवरच राहतो.

करोनात बोटाला लावायचो तो ऑक्सिमीटर आठवतो? तो रक्ताच्या रंगावरून ऑक्सिजन ओळखतो. पण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही लालभडकच दिसतं. मग यंत्र फसतं आणि माणूस गुदमरलेला असला तरी झोकात ‘98’ दाखवतं!

म्हणून हुशार डॉक्टर नुसत्या आकड्यावर विसंबत नाहीत, जवानाला विचारतात, ‘हा कुठे सापडला? खोली बंद होती का? धूर किती होता?’ मला तर वाटतं, सगळ्या धावपळीत हे अर्ध्या मिनिटाचं बोलणं सर्वांत मोलाचं. आत काय होतं, हे फक्त जवानानेच पाहिलेलं असतं.

जवानांना हे सगळं शिकवायला आधी त्यांचे अधिकारी तयार व्हावे लागतात. त्यासाठी देशभरातून अधिकारी कुठे येतात, ठाऊक आहे? आपल्या नागपुरात! राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 पासून इथेच आहे.

तर, डॉक्टर मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन सुरू करतात आणि गाडी निघते मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाकडे. साध्या हवेत रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड जायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास पुरतो. मग सांगा बरं, तीन तासांनी किती उरेल? ‘काहीच नाही’ म्हणालात, तर पुन्हा गणित करा!