ओला, सुका आणि लाल ठिपका

कचरा वेगळा करणाऱ्या डब्यात सर्वांत महत्त्वाचे असते ते त्याचे तोंड. सार्वजनिक जागी बाटलीपुरते गोल भोक आणि कागदापुरती अरुंद फट ठेवली की हात बऱ्याचदा योग्य कप्प्याकडेच जातो. मोठ्या उघड्या तोंडाच्या डब्यात सगळेच पडते. घरातले गणित वेगळे. ओला कचरा जड आणि रोज जाणारा, म्हणून हिरवा डबा लहान, घट्ट झाकणाचा. सुका हलका पण जागा खाणारा, म्हणून निळा मोठा.

पुण्यात पुढची वर्गवारी हातांनी होते. कचरावेचकांची संघटना ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. दारोदार फिरणाऱ्या तिच्या सभासद, बहुतांशी महिला, सुक्यातून पुठ्ठा, काच, पत्रा, प्लॅस्टिक निवडून विकतात आणि ते पैसे त्यांचेच. आमटीने भिजलेल्या पुठ्ठ्याला मात्र भाव नाही. सॅनिटरी नॅपकिन दोन्ही डब्यांत नको. ते कागदात गुंडाळून वर ठळक लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडी न उघडताच आत काय ते कळते.