फुलून गेलेल्या कारवीचा नकाशा

गोरेगाव पूर्वेला आरेच्या बाजूचा डोंगर ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी पेटला, तेव्हा अग्निशमन दलाचे जवान रात्री उशिरापर्यंत झुंजत होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास वणव्याची बातमी आता दर मोसमाला ठरलेलीच.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या आधारे वणव्यांचे इशारे देते. काम मोलाचं आहे. पण नकाशावर ठिपका उमटतो तो रान पेटल्यावर. त्याआधी कळायला हवं ते हे की, कोणत्या उतारावर काय वाढलंय आणि ते किती वाळलंय.

अमेरिकेत रिचर्ड रॉदरमेल यांनी १९७२ मध्ये आगीच्या वेगाचं गणित मांडलं. त्यात वारा आणि चढ आहेत, तशीच जळणाची जाडी, दाटी आणि ओलही आहे. गवताची काडी तासाभरात हवेइतकी कोरडी होते, बोटभर जाडीच्या काठीला दहाएक तास लागतात. सकाळी दवाने भिजलेलं गवत म्हणूनच दुपारी भडकतं.

मुंबईत हे गणित कारवी नावाच्या झुडपापाशी येऊन थांबतं. उद्यानात ती २०१६ नंतर २०२४ मध्ये फुलली आणि जांभळे उतार पाहायला गर्दी लोटली. त्यानंतर काय होतं, तिकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही. एकाच वयाची हजारो झुडपं बी धरून एकदमच मरतात आणि उभीच्या उभी वाळतात. कुडाच्या भिंतींना वापरतात त्याच या काठ्या. हिरव्या झुडपांचं वर्षभरात सरपण होतं. बोंडं पहिल्या पावसात तडकून बी उधळतात. त्याआधी वणवा फिरला तर पुढची पिढीही धोक्यात. आणि झाडांच्या छत्राखालची ही कारवी उपग्रहाला धड दिसत नाही. ती पायी फिरूनच नोंदवावी लागते.

अशा नोंदींची शिस्त मुंबईतच आहे. धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये कागदावर वाळकी फांदी असते आणि सोबत ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. याच कॉलेजातल्या फादर सांतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९५३ चा. त्याच चिकाटीने प्रत्येक उतारावर कारवी शेवटची कधी फुलली एवढं जरी नकाशावर चढलं, तरी वणवा अडवणारी जाळरेषा कुठे रुंद करायची हे वनरक्षकाला उन्हाळ्याआधी ठरवता येईल. पुढचा बहर २०३२ च्या सुमारास अपेक्षित आहे. तोवर हा नकाशा तयार व्हायलाच हवा.