दाढेची कळ आणि अँटिबायोटिकचा गैरसमज

यंत्रमागाची पाळी बुडवणे परवडत नाही, म्हणून कोन-भिवंडीकडे दाढ ठणकली की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. पण कळ येते सुजलेल्या नसेतून. दाताच्या टणक भिंतींत तिला फुगायला जागाच नसते. ही सूज अँटिबायोटिकने उतरत नाही. म्हणूनच अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये अशा दुखण्यावर ते टाळायला सांगितले. खरा उपाय म्हणजे दाढेवर उपचार, जसे रूट कॅनाल; त्यानंतरच्या ठणक्याला बहुतेकदा आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल पुरते. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर किंवा गर्भारपण असेल, तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ‘गोळीने बरे वाटले होते,’ असे कुणी म्हणेल. पण नस मेली की कळ तशीही थांबते. जंतू मात्र आतच राहतात. ताप किंवा पसरणारी सूज असेल तेव्हा अँटिबायोटिक लागते, पण दाढेवरच्या उपचाराच्या जोडीने, त्याऐवजी नव्हे.