कल्पिताची कबुली

राक्षसभुवन हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले गोदाकाठचे गाव. १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी तिथे निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. मराठी वाचकाला ही लढाई बहुधा रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तून (१९६२) ठाऊक असते, आणि अडचण तिथेच सुरू होते. कादंबरी इतकी सुरेख वठली आहे की पेशवे माधवरावांचे संवाद लेखकाने रचलेले आहेत, याचा विसर पडतो. इतिहासाची गोडी लागलेल्या तरुणाला पुढचे पुस्तक सुचवायचे, तर ते उघड अद्भुत असावे असे मी म्हणेन. कल्पित लपवणाऱ्या पुस्तकापेक्षा ते मिरवणारे पुस्तक इतिहासाला कमी धोक्याचे.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कादंबरी नव्हे, कथा. पण मुद्दा तिच्यातच सर्वांत स्वच्छ दिसतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पडतात, जिथे विश्वासरावांवर आलेली गोळी हुकली आणि मराठे पानिपत जिंकले. ही कथा वाचून कोणी मराठे जिंकले असे मानू लागत नाही. उलट, १४ जानेवारी १७६१ला खरोखर काय झाले हे माहीत नसेल तर तिची गंमतच कळत नाही. वास्तवाचा आव आणणारी कादंबरी मात्र वाचकाला बखरीकडे जाण्याच्या कष्टातून सोडवते!

अद्भुत कादंबरी म्हणजे सगळा उसना माल, असा आक्षेप जुना आहे. तो निम्मा खरा. गो. ना. दातारांनी ‘कालिकामूर्ती’सारख्या कादंबऱ्यांसाठी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सचा आधार घेतलाच. पण सांगाडा परका म्हणून कथा परकी होत नाही. आणि मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी समजली जाणारी गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) तरी बहुतांशी कल्पितच आहे. नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आज थोडा पाल्हाळिक वाटेल, तरी तो मी यादीत ठेवीन. त्याच्यावर इतिहासाचा दाखला म्हणून कोणी विसंबणार नाही.

पूज्य व्यक्तींशी खेळ होईल, ही भीती मात्र रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणजे लेखकाने नाव बदलावे किंवा आपण कुठे वळलो ते सांगावे. बीड जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईत अशा कादंबरीसाठी सामग्री भरपूर आहे. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर, त्याने उभारलेली देवळे, गुजरातच्या मोहिमेत नर्मदेकाठी पडलेला त्याचा मुलगा राम: एवढे शिलालेखांतून मिळते. कवी मुकुंदराज आणि राजा जैत्रपाळ यांच्या चमत्कारांच्या आख्यायिका निराळ्याच. शिवाय मुकुंदराज इथले की विदर्भातल्या आंभोऱ्याचे, हा वाद आहेच. संशोधकाला जिथे थांबावे लागते, तिथून अद्भुत कादंबरीकाराने खुशाल निघावे. रामाला नर्मदेवरून जिवंत परत आणले तरी चालेल. शिलालेख काय सांगतो, ते प्रस्तावनेत छापले म्हणजे झाले.