साडेसहा सामन्यांची आघाडी

२१ सप्टेंबर १९६४ची रात्र. फिलाडेल्फियाच्या कॉनी मॅक स्टेडियमवर यजमान फिलीज आणि सिनसिनाटी रेड्स यांचा बेसबॉल सामना चालू होता. सहावा डाव, दोन्ही बाजूंचा धावफलक कोरा. रेड्सचे दोन गडी बाद झालेले. तिसरा बाद झाला की पाळी संपणार. चिको रुईझ नावाचा नवखा खेळाडू तिसऱ्या बेसवर होता आणि समोर बॅट घेऊन उभा होता फ्रँक रॉबिन्सन, त्या काळातल्या अव्वल फलंदाजांपैकी एक. अशा वेळी बेसवरच्या माणसाने रॉबिन्सनच्या बॅटवर विश्वास ठेवून जागेवर थांबावे, हा सर्वमान्य शहाणपणा. रुईझ मात्र पिचरने हात उचलताच होम प्लेटच्या दिशेने धावत सुटला. पिचर आर्ट महाफी गडबडला, त्याचा चेंडू कॅचरच्या आवाक्याबाहेर गेला आणि रुईझ घरी पोचला. त्या सामन्यातली ती एकमेव धाव. फिलीज ०-१ने हरले.

हरले तरी काळजीचे कारण नव्हते. सामन्याआधी फिलीजच्या नावावर ९० विजय आणि ६० पराभव होते, बारा सामने उरले होते आणि आघाडी साडेसहा सामन्यांची होती. अंतिम मालिकेच्या तिकिटांची छपाई सुरू झाली होती. त्यानंतर फिलीज आणखी नऊ सामने हरले. लागोपाठ दहा दिवस, रोज एक. या दहा दिवसांत कोण चुकले, यावर फिलाडेल्फियात जो वाद पेटला तो पुढे पन्नास-साठ वर्षे चालला. संघ हरतो तेव्हा चाहते खेळाडूंचा न्याय कसा करतात, आणि त्या न्यायात खेळाबाहेरचे काय काय शिरते, हे समजून घ्यायला त्या वादासारखे दुसरे उदाहरण नाही.

पेनंटचे गणित

पेनंट म्हणजे निशाण. अमेरिकन बेसबॉलमध्ये लीगचे विजेतेपद या निशाणाच्या नावाने ओळखले जाते. १९६४मध्ये नॅशनल लीगमध्ये दहा संघ होते. एप्रिलपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळे. गुणतक्त्यात जो पहिला, तो थेट वर्ल्ड सिरीजला जाई. उपान्त्य फेरी वगैरे भानगड तेव्हा नव्हती. दुसऱ्या क्रमांकाला मोल शून्य.

‘साडेसहा’ हा आकडा कुठून आला, तेही पाहू. त्या दिवशी मागचे दोन्ही संघ, सेंट लुईस कार्डिनल्स आणि रेड्स, ८३ विजय आणि ६६ पराभवांवर होते. फिलीजचे विजय सातने जास्त, पराभव सहाने कमी. सात आणि सहा तेरा, त्याचे निम्मे साडेसहा. सहा महिने रोज सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्रातला हा आकडा पाहायचा, अर्ध्याने वाढला तर दिवस बरा, कमी झाला तर वाईट, असे या खेळाच्या चाहत्याचे जगणे. क्रिकेटच्या कसोटीसारखा इथे मोसमातून पाच-सात वेळा जीव टांगणीला लागत नाही. इथे तो रोज थोडाथोडा लागतो.

या खेळात उत्तम संघही वर्षाला साठ-सत्तर सामने हरतो. त्यामुळे मे-जून महिन्यातला पराभव कोणी मनावर घेत नाही. ‘सध्या त्याची बॅट चालत नाही’ असे म्हणून विषय संपतो. सप्टेंबरात तोच खेळाडू तसाच बाद झाला तर वाक्य बदलते: ‘त्याने घालवले.’ तक्त्यात जूनचा आणि सप्टेंबरचा पराभव सारखाच मोजला जातो, हे प्रत्येक चाहत्याला ठाऊक असते. पण ठाऊक असणे वेगळे आणि तसे वाटणे वेगळे. शेवटच्या पंधरवड्यात प्रत्येक चुकीला नाव आणि चेहरा मिळतो.

फिलाडेल्फियाकडे तर जुनी भूक होती. १९१५ आणि १९५० अशी दोनच पेनंट या संघाच्या नावावर होती. १९६१मध्ये हाच संघ लागोपाठ २३ सामने हरला होता. अशा संघाने १९६४च्या उन्हाळ्यात लीगवर राज्य केले. जूनमध्ये जिम बनिंगने एकाही प्रतिस्पर्ध्याला बेसवर पोचू न देता सामना जिंकला. जुलैत जॉनी कॅलिसनने ऑल-स्टार सामना शेवटच्या क्षणी होम रन मारून जिंकून दिला. आणि तिसऱ्या बेसवर डिक अ‍ॅलन नावाचा बावीस वर्षांचा मुलगा जड बॅट फिरवत चेंडू गॅलरीच्या छपरापलीकडे धाडत होता.

वाद पहिला: मॉकने काय केले?

सर्वांत जोरात वाद झाला तो संघाचा मॅनेजर जीन मॉक याच्यावर. बेसबॉलचा पिचर एका सामन्यात शंभर-सव्वाशे चेंडू सर्व ताकदीने फेकतो. पुढच्या सामन्याआधी त्याच्या खांद्याला किमान तीन दिवस विसावा हवा, म्हणून संघात चार-पाच पिचर आळीपाळीने सुरुवात करतात. मॉकने ही पाळी मोडली. बनिंग आणि ख्रिस शॉर्ट हे त्याचे दोन हुकमी एक्के. दहा पराभवांपैकी सहांत सुरुवातीचा पिचर या दोघांपैकी एक होता, आणि त्यांतल्या चार वेळा त्यांना फक्त दोन दिवसांचा विसावा मिळाला होता. महाफी २६ तारखेला बरा खेळला, पण त्यानंतर मॉकने त्याला सुरुवातीला उतरवलेच नाही.

‘घाबरला,’ असे म्हणणारे आजही म्हणतात. मॉकची बाजू घेणारे दुखापतींची यादी काढतात. रे कल्पचे कोपर धरले होते, डेनिस बेनेटचा खांदा दुखत होता, ऑगस्टमध्ये खास आणलेल्या फ्रँक थॉमसचा अंगठा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच मोडला होता. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. खेरीज मॉकने एका बाजूने सामने वाचवायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या बाजूने नशिबाने हात आखडला, असेही झाले. २७ तारखेला कॅलिसनने एकाच सामन्यात तीन होम रन मारले आणि तरी संघ ८-१४ने हरला.

गणित आणखी निर्दयी आहे. कार्डिनल्सनी अखेर ९३ सामने जिंकले, फिलीज आणि रेड्सनी प्रत्येकी ९२. दहा पराभवांतले शेवटचे तीन कार्डिनल्सविरुद्धचे. त्यांतला कुठलाही एक उलटा फिरला असता, तर फिलीज ९३ आणि बाकी दोघे ९२. म्हणजे पेनंट फिलाडेल्फियाचे. हे कळले की चाहत्याला झोप येत नाही. एकच सामना हवा होता, मग तो कोणी घालवला? पण हाच हिशेब उलटाही वाचता येतो. एकाच सामन्याचा फरक असेल, तर वर्षभरातली प्रत्येक चूक निर्णायक ठरते: एप्रिलमधला सुटलेला झेल, मे महिन्यात तिसऱ्या बेसवर अडकून राहिलेला खेळाडू. दोष इतका वाटला जातो की तो कोणा एकाचा उरत नाही.

शिवाय नशीब असतेच. त्या दिवसापर्यंत फिलीज दर दहांतले सहा सामने जिंकत होते. अशा संघाने ठरावीक दहाच्या दहा सामने हरण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एक येते. आणि कार्डिनल्सनी उरलेल्या तेरांपैकी दहा सामने जिंकले, ही गोष्ट फिलाडेल्फियाच्या वादात फारशी येतच नाही. चाहत्यांच्या भांडणात प्रतिस्पर्धी संघ कधी जिंकत नसतो. आपला हरलेला असतो.

वाद दुसरा: तिसऱ्या बेसवरचा मुलगा

अ‍ॅलन त्याआधी आउटफिल्डर म्हणून खेळत होता, म्हणजे सीमेजवळचा क्षेत्ररक्षक. १९६४मध्ये त्याला तिसऱ्या बेसवर उभे केले. तिथे बॅटवरून सुटलेला चेंडू गोळीसारखा येतो. त्या वर्षी त्याच्या नावावर ४१ एरर लागले. त्याच वर्षी त्याची सरासरी .३१८ होती, होम रन २९ आणि लीगमध्ये सर्वाधिक १२५ धावा. संघाच्या १६२ सामन्यांत तो सगळ्यांत खेळला, सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि त्या दहा दिवसांतही त्याची बॅट थंडावली नव्हती.

मग वाद कशाचा? हिशेबाच्या वहीत चूक ठळक दिसते, योगदान पसरून जाते. एरर हा अधिकृत शिक्का. धावफलकावर तो सर्वांसमोर लागतो. चौथ्या डावात मारलेल्या फटक्याने वाचलेला सामना मात्र कोणाच्या खात्यावर लिहिला जात नाही. खेळाडूची एकूण किंमत धावांत आणि विजयांत मोजण्याची शास्त्रे पुढच्या पिढीत आली. त्या मोजणीत १९६४चा अ‍ॅलन एरर वजा करूनही लीगच्या अगदी वरच्या खेळाडूंत बसतो. तेव्हाच्या गॅलरीत मात्र ४१ हा आकडा बोलत होता.

इथपर्यंत हा खेळाचा वाद. पण अ‍ॅलन कृष्णवर्णीय होता आणि गाव फिलाडेल्फिया होते. १९४७मध्ये जॅकी रॉबिन्सनने वर्णभेदाची भिंत पाडली, तेव्हा त्याच्यावर मैदानात सर्वांत घाणेरड्या शिव्यांचा भडिमार केला तो फिलीजच्या मॅनेजरने. नॅशनल लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा सर्वांत शेवटचा संघही फिलीजच, तेही १९५७मध्ये. १९६३ साली याच संघटनेने अ‍ॅलनला आर्कान्सॉमधल्या लिटल रॉकला खेळायला पाठवले, तिथल्या संघातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून. सोबतीला कोणी नाही, पूर्वसूचना नाही. शाळेच्या दारात कृष्णवर्णीय मुलांना अडवणाऱ्या गव्हर्नरनेच मोसमाचा पहिला चेंडू टाकला.

कॉनी मॅक स्टेडियम उत्तर फिलाडेल्फियात होते. भोवतीची वस्ती झपाट्याने बदलली होती. तिथेच, कोलंबिया अ‍ॅव्हेन्यूवर, २८ ऑगस्ट १९६४ला पोलिसांशी झालेल्या वादातून दंगल पेटली आणि तीन दिवस चालली. म्हणजे पेनंटची शर्यत ऐन रंगात होती, तेव्हा स्टेडियमपासून काही अंतरावर दुकाने जळत होती. गोरे प्रेक्षक उपनगरांतून गाडीने त्याच वस्तीत सामना पाहायला येत. गॅलरीत बसताना हे सगळे कोणी बाहेर ठेवून येत असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

ठिणगी ३ जुलै १९६५ला पडली. सरावाच्या वेळी अ‍ॅलन आणि फ्रँक थॉमस यांची मारामारी झाली आणि थॉमसने बॅट चालवली. सामना संपताच संघाने थॉमसला काढून टाकले. अ‍ॅलनने याबद्दल बोलू नये, नाहीतर जबर दंड, असे मॉकने बजावले. थॉमसवर असे बंधन नव्हते. तो वर्तमानपत्रांशी बोलला. एकच बाजू ऐकलेल्या शहराने निकाल दिला: एका पोराने एका ज्येष्ठ खेळाडूची नोकरी घालवली. तेव्हापासून घरच्याच मैदानावर अ‍ॅलनवर हुर्यो सुरू झाली. मग नाणी, बॅटऱ्या, फळे येऊ लागली. क्षेत्ररक्षण करतानाही तो हेल्मेट घालू लागला.

त्याच्या बाजूने सगळेच धुतल्या तांदळासारखे होते असे नाही. तो उशिरा येई, मद्याचे प्रकार होते, १९६९मध्ये एका दिवशी पोचलाच नाही म्हणून निलंबितही झाला. चाहत्याला रागावण्याचा हक्क आहे. पण त्याला आवडत नसलेले ‘रिची’ हे पोरवयातले नावच तो वर्षानुवर्षे छापलेले पाहत होता, ‘डिक म्हणा’ सांगूनही. इतर खेळाडूंच्या चुकांवर जे एका संध्याकाळचे चिडणे होते, ते त्याच्या बाबतीत वर्षांचे वैर झाले, आणि तो फरक ४१ एररमध्ये मावत नाही.

तोंडाने दोष मॉकला दिला गेला. डोक्यावर नाणी पडली ती अ‍ॅलनच्या. १९६४च्या हरण्याचे दुःख शहराला कुठेतरी ठेवायचे होते. ज्याच्याविषयी मनात आधीच जागा होती, तिथे ते ठेवले गेले.

नंतर

१९६९च्या ऑक्टोबरात फिलीजने अ‍ॅलनला कार्डिनल्सकडे दिले. बदल्यात यायचा होता कर्ट फ्लड, १९६४च्या त्या कार्डिनल्सचा मध्यक्षेत्रातला मोहरा. फ्लडने फिलाडेल्फियाला जायला नकार दिला आणि खेळाडू म्हणजे संघाची मालमत्ता नव्हे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १९७२मध्ये तो हरला, पण पुढे खेळाडूंना मिळालेल्या स्वातंत्र्याचा रस्ता त्याच लढ्यातून गेला. त्याच वर्षी अ‍ॅलन शिकागो व्हाइट सॉक्सकडून अमेरिकन लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. मॉक एकूण २६ मोसम मॅनेजर राहिला. पेनंट त्याला कधीच मिळाले नाही.

हॉल ऑफ फेममध्ये निवड होण्यासाठी अ‍ॅलनला दोनदा, २०१४ आणि २०२१मध्ये, एकच मत कमी पडले. १९६४लाही एकच सामना कमी पडला होता. २०२४च्या डिसेंबरात अखेर निवड झाली, तेव्हा तो जाऊन चार वर्षे झाली होती. त्याआधी एक गोष्ट मात्र त्याने पाहिली. ३ सप्टेंबर २०२० रोजी फिलीजने त्याचा १५ क्रमांक कायमचा निवृत्त केला. हॉल ऑफ फेममध्ये नसलेल्यांचा क्रमांक निवृत्त न करण्याचा आपला अलिखित नियम संघाने त्याच्यासाठी मोडला. अ‍ॅलन स्वतः मैदानावर आला. महासाथीचे दिवस होते, प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. ज्या गावाच्या गॅलऱ्यांतून त्याच्यावर नाणी पडली होती, तिथल्या सगळ्या खुर्च्या त्या दिवशी रिकाम्या होत्या.