विश्लेषण : दत्तक घेतलेला कुत्रा जेवताना दुसऱ्या कुत्र्यावर का धावून जातो? उपाय काय?

रस्त्यावरून घरी आणलेला कुत्रा एरवी शांत असतो. पण जेवणाचे भांडे समोर असताना घरातला दुसरा कुत्रा जवळून गेला, की तो थेट अंगावर जातो. सोडवायला गेलेल्या माणसालाच अनेकदा चावा बसतो आणि मग ‘हा आपल्याला झेपणार नाही’ म्हणून त्याला परत सोडले जाते. ही सवय बदलता येते का?

पोटभर मिळूनही असे का?

रस्त्यावर जो आपला घास राखू शकत नाही, तो उपाशी राहतो. घरात दोन वेळचे जेवण मिळू लागले, तरी घास हिरावला जाण्याची ही भीती लगेच जात नाही. जातिवंत, घरात वाढलेल्या कुत्र्यांतही अन्न राखण्याची वृत्ती दिसते. मात्र हे वागणे अचानक सुरू झाले असेल, तर आधी पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी. दुखणे असले, तरी कुत्रा चिडचिडा होतो.

धोका कसा ओळखायचा?

खाता खाता थबकणे, अंग ताठरणे, भांड्यावर मान घालून भराभर गिळणे, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहणे, ओठ वर उचलणे या खुणा आहेत. गुरगुरणे म्हणजे ‘लांब राहा’ हा इशारा. त्यासाठी मारले तर भीती तशीच राहते, फक्त इशारा बंद होतो. मग पुढच्या वेळी थेट चावा.

पहिले पाऊल कोणते?

जेवण वेगळे. एकाचे भांडे स्वयंपाकघरात, दुसऱ्याचे बेडरूममध्ये आणि मधले दार बंद. दोघांचे खाऊन झाल्यावर भांडी आणि सांडलेले खाणे उचलावे, मगच दार उघडावे. हाडे आणि चघळायच्या वस्तूही एकत्र असताना देऊ नयेत. लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नये.

सराव कसा करायचा?

दोन माणसे हवीत, दोन्ही कुत्रे पट्ट्याने बांधलेले हवेत. सुरुवातीला भांडे नकोच. दुसरा कुत्रा दिसेल, पण पहिला ताठरणार नाही, एवढ्या अंतरावर त्यांना ठेवावे. दुसरा दिसताच पहिल्याला उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यावा. तो दिसेनासा झाला, की तुकडे बंद. काही दिवसांनी दुसरा दिसताच पहिला माणसाकडे आशेने पाहू लागतो. ‘तो आला की माझे जाते’ऐवजी ‘तो आला की मला मिळते’ हे त्याला उमगलेले असते. मग अंतर थोडे थोडे कमी करावे. पुढे रिकामे भांडे आणि त्यानंतर भांड्यात साधे खाणे ठेवून हाच सराव करावा. कुत्रा ताठरला, तर मागच्या अंतरावर परतावे. रोज पाच मिनिटे पुरेत.

फरक कधी पडतो?

काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. काही कुत्र्यांना मात्र कायम वेगळेच जेवू घालावे लागते. त्यात अपयश नाही, दार बंद ठेवून घर शांत राहत असेल तर तोही उपायच.

भांडण जुंपलेच तर?

मध्ये हात घालू नये. पातेले आपटून मोठा आवाज करावा, पाणी ओतावे किंवा मध्ये खुर्ची सरकवावी. चावा बसल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच डॉक्टरांकडे जावे. भांडणे वारंवार होत असतील, तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने अनुभवी प्रशिक्षकाची मदत घ्यावी.